झिल्फा आणि एल्डर बेंडची घंटा

झिल्फा क्रँडलला लहानपणापासून एक खोड होती. कुणी काही दाखवलं की तिला त्याची मागची बाजू बघावीशी वाटायची. धक्क्यावर उतरलेला एखादा फेरीवाला कापडाचं ठाण उलगडून वरची घडी दाखवू लागला, की ही पोरगी सरळ खालची घडी उचलायची. अंडी विकत घेताना टोपलीच्या तळात हात घालायची. तिची आई शेजारणींना हसत सांगायची, "ही नवऱ्यालासुद्धा पालथा घालून बघेल आणि मगच लग्नाला उभी राहील."

तिचे वडील जेडेडाया नावाडी होते. मिसिसिपीच्या त्या वळणावर, एल्डर बेंडच्या धक्क्यावरून पलीकडच्या मिसूरी राज्याच्या काठापर्यंत ते सपाट नाव नेत. नावेत माणसं असत, घोडागाड्या असत, कधी डुकरांचा आख्खा कळप असे. नदी त्यांना हाताच्या रेषांसारखी पाठ होती, पण शरद लागला आणि धुकं उतरलं की तिथे कुणाचंच काही चालत नसे. अशा सकाळी झिल्फा धक्क्याच्या टोकाला उभी राहून लाकडी कालथ्याने तवा बडवायची. तो आवाज धरून जेडेडाया परत यायचे. कधी वाऱ्यामुळे आवाज भलतीकडेच जाई, आणि बाप लेकीला हाका मारत नावेसकट गावाच्या खाली मैलभर वाहत जाई. मग दुपारी चिखलाने माखून घरी आले की म्हणायचे, "आज तुझा तवा खोटं बोलला गं."

म्हणून गावाला घंटा हवी होती. चर्चला तर हवीच होती. शेजारच्या गावातल्या चर्चची घंटा वाजली की डीकन ओबेद स्टॅनर्ड, म्हणजे आमच्या चर्चचे कारभारी, पोटात दुखल्यासारखा चेहरा करत. पण तवा बडवून बडवून दंड दुखायचे ते झिल्फाचे. घंटा सगळ्यांत जास्त हवी होती ती तिलाच. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

त्या वर्षी सप्टेंबरात खालून आलेल्या आगबोटीतून दोन माणसं उतरली. पुढचा होता प्रोफेसर हॅलोवे. पांढरं जाकीट, चंदेरी कल्ले, आणि आवाज असा की त्याने नुसतं "नमस्कार" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं काहीतरी भलं होणार. मागचा होता फिंच. काटकुळा, अबोल, दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. आपण गावोगाव जाऊन घंटा ओततो, असं त्यांनी सांगितलं. रविवारी डीकननी प्रोफेसरला चर्चमध्ये बोलायला उभं केलं.

"घंटा काय, विकतही मिळते," प्रोफेसर म्हणाला. "पण विकतची घंटा सावत्र. तुमच्या घरातल्या पितळ-तांब्यातून, तुमच्या काठच्या मातीत ओतलेली घंटा तुम्हाला नावाने हाक मारेल. आम्हाला मजुरी नको. दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा, बस्स. फक्त एक गोष्ट. घंटेत थोडी चांदी पडली पाहिजे. चांदीवाचून घंटा खोकते, चांदी पडली की गाते. आणि ती चांदी प्रत्येक घरच्या बाईने स्वतःच्या हाताने टाकली पाहिजे. दुसऱ्याच्या हाताने पडलेल्या चांदीला आवाज नाही."

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्टॅनर्डकाकूंनी तिथल्या तिथे आपल्या साखरदाणीचा चिमटा कबूल केला. कुणी बकलं, कुणी शिवताना बोटात घालायचा अंगुस्ताना, कुणी मेलेल्या बाळाचा खुळखुळा. झिल्फाच्या आईकडे चांदीचा एकच चमचा होता, कनेक्टिकटहून बैलगाडीतून आलेला. झिल्फाने आणि तिच्या धाकट्या भावंडांनी पहिला घास त्याच चमच्याने खाल्ला होता. आईने तो घासून रुमालात बांधून ठेवला.

"आई, खरंच देणार तू तो?"

"तुझे वडील धुक्यातून सुखरूप घरी येणार असतील तर चमच्याचं काय घेऊन बसलीस? भोपळ्याच्या करवंटीनेही पेज भरवता येते."

भट्टी धक्क्याजवळच उभी राहिली. विटा दिल्या एनॉक मेफील्डने. एनॉक गवंडी होता, काळा आणि स्वतंत्र, वयाने झिल्फाच्या बापापेक्षा मोठा. तो नदी कधी ओलांडत नसे. पलीकडच्या काठावर माणसं विकत मिळत आणि अलीकडे मिळत नसत. त्या दोन काठांतला एवढा फरक त्याला पुरेसा होता. विटा रचायलाही तो तयार होता, पण फिंच म्हणाला, भट्टीचं काम आम्ही स्वतःच करतो, कुणाचा हात नको.

भट्टीला तीन तोंडं होती. समोर मोठं दार, त्यातून भांडी आत टाकायची. ती आतल्या खोलगट कुंडात वितळणार. खाली राखेचं दार. आणि कुशीत छातीएवढ्या उंचीवर एक लहानसं, चुन्याने रंगवलेलं तोंड. ते चांदीचं. "इथून टाकलेली चांदी घसरत थेट कुंडात जाते," असं प्रोफेसर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. बायका त्या तोंडाकडे देव्हाऱ्याकडे बघावं तशा बघायच्या.

दोघांचं जेवण क्रँडलांच्या घरून जाई. भट्टी बांधून झाली त्या दुपारी झिल्फा तळलेला मासा आणि मक्याचा पाव घेऊन गेली, तर दोघेही वर डीकनच्या घरी पत्ते कुटत बसलेले. माशाच्या वासाने घरचं मांजराचं पिल्लू तिच्या पायात पायात आलं होतं. तेवढ्यात लोहाराचा कुत्रा धावून आला. पिल्लाने उडी मारली ती थेट त्या पांढऱ्या तोंडात, आणि ते आत दिसेनासं झालं.

झिल्फाने कुत्र्याला हुसकावलं आणि समोरच्या मोठ्या दारात डोकं घालून कुंडात बघितलं. पिल्लू तिथे नव्हतं. तिने हाका मारल्या. आणि मग तिच्या पायाशीच म्याव झालं. पिल्लू राखेच्या दारातून अंग झटकत बाहेर येत होतं.

आधी ती हसली. मग हसता हसता थांबली. तिने टोपलीतला एक उकडलेला बटाटा घेतला आणि चांदीच्या तोंडात सोडला. बटाटा गडगडत गेला आणि राखेच्या दारातून बाहेर आला. तिने दुसरा सोडला. तोही तिथेच आला.

तिने दोन्ही बटाटे पुसून परत टोपलीत ठेवले, जेवण डीकनच्या घरी नेऊन दिलं आणि प्रोफेसरला वाकून नमस्कारही केला. नंतर ती एनॉकच्या अंगणात गेली.

"एनॉककाका, चांदी राखेत पडली तर काय होईल?"

एनॉक चुना कालवत होता. त्याने वर बघितलं नाही. "पडेल आणि बसेल. जो राख काढेल त्याची होईल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या तोंडाचा उतार चुकीच्या बाजूला आहे, एवढं मला लांबूनही दिसलं. मग म्हटलं, एनॉक, तुझे डोळे तुझ्यापाशी ठेव. पोरी, गोऱ्या माणसाविरुद्ध माझा शब्द या राज्यातल्या कुठल्याही कोर्टात चालत नाही. आणि ते दोघं तर डीकनच्या टेबलावर जेवतात."

"माझा चालतो."

"चालतो? जा, सांगून बघ. डीकन म्हणतील, पोरगी आगाऊ आहे. प्रोफेसर म्हणेल, बांधकामात चूक झाली, बरं झालं दाखवलीत. आणि दोघं पुढच्या बोटीने पसार. गेलं काय? काही नाही. मिळालं काय? तेही नाही."

झिल्फा विटांच्या ढिगावर बसली.  एनॉक म्हणाला, "नाहीतर असं कर. चांदी राखेत पडू दे. त्यांच्या आधी आपण काढू, आणि ज्याची त्याला परत करू."

"नको," ती म्हणाली. "आईने चमचा घंटेला दिलाय. घंटेतच गेला पाहिजे. मला घंटा हवी आहे, काका. आणि ओतणारे हे दोघेच आहेत. फिंचच्या हातावरचे डाग खरे आहेत, त्याला ओतता येतं. चांदीपायी का होईना, ते घंटा ओतणार. मग ओतू देत की."

एनॉकने आता वर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिल्फा स्टॅनर्डकाकूंकडे गेली. म्हणाली, "काकू, उद्या भट्टी पेटणार. आणि आपण त्या बिचाऱ्यांना अजून एक पंगतसुद्धा घातली नाही. शेजारच्या गावात तर म्हणे पाहुण्यांना फळं भरून भाजलेले तीन तीन प्रकारचे पाय करून घालतात."

"तीन?" काकू म्हणाल्या. "आपण पाच करू."

संध्याकाळी, उन्हं असतानाच, सगळं गाव चर्चच्या अंगणात जेवायला बसलं. प्रोफेसरच्या दोन्ही बाजूंना दोन आज्या वाढायला होत्या. फिंचला उठावंसं वाटलं तरी त्याच्या ताटात पुन्हा कुणीतरी डुकराचं मांस वाढत होतं. आणि खाली धक्क्यावर झिल्फा परकर खोचून भट्टीच्या मोठ्या दारातून आत शिरली होती. एनॉकने बाहेरून सांगितलं तशा तिने कुंडाच्या भिंतीतल्या दोन विटा खिळखिळ्या करून काढल्या. त्याच दोन विटा ओल्या मातीत बसवून तिने राखेकडे जाणारी वाट बुजवली. नाकातोंडात माती गेली, कोपर सोलवटलं. बाहेर येऊन तिने बटाटा सोडला. बटाटा गडगडत गेला आणि कुंडात जाऊन बसला.

"आता तो फिंच उद्या आत डोकावला नाही म्हणजे मिळवली," एनॉक म्हणाला.

"डोकावायला जागा तर मिळाली पाहिजे त्याला."

त्यासाठी तिने फार काही केलं नाही. पंगतीत परत येऊन तीन-चार बायकांच्या कानात एवढंच घातलं की, ज्या घरचं भांडं पहिलं आत पडेल, त्या घराचं नाव घंटा वाजवताना पहिलं घेणार आहेत म्हणे. कोण म्हणे, हे कुणीच विचारलं नाही. सकाळी फिंच डोळे चोळत धक्क्यावर आला तेव्हा भट्टीसमोर अर्धं गाव किटल्या, घंगाळी आणि पितळी दिवे घेऊन उभं होतं.

"मागे व्हा! मला आत बघू द्या!"

"बघायचं काय त्यात? परवा तर तुम्हीच बांधलीत!" स्टॅनर्डकाकूंनी त्याला कोपराने बाजूला सारलं आणि आपली मुरंब्याची मोठी कढई दारातून आत ढकलली. मागोमाग धडाधड भांडी पडू लागली. फिंचने हात टेकले आणि जाळ लावला.

दुपारपर्यंत भट्टी गुरगुरायला लागली. प्रोफेसर टोपी काढून उभा राहिला, प्रार्थना झाली आणि बायका ओळीने पुढे आल्या. पहिल्या काकू. भट्टीत पाव सरकवायच्या लांब लाकडी फळीवर त्यांनी चिमटा ठेवला आणि पांढऱ्या तोंडात सोडला.

आतून भस्सकन ज्वाळा बाहेर आली, हिरवी-निळी, हातभर लांब.

लोक ओरडले, "घेतलं! देवाने दान घेतलं!" फिंचचा चेहरा मात्र पिठासारखा झाला. राखेकडे जाणाऱ्या त्या तोंडातून ज्वाळा यायचं काही कारण नव्हतं, आणि ते गावात ठाऊक असलेल्या चार माणसांपैकी तो एक होता. तो प्रोफेसरच्या कानाशी लागला. प्रोफेसरने क्षणभरच डोळे मिटले. मग तो हात उंचावून गोड आवाजात म्हणाला, "बंधूंनो, भगिनींनो, भट्टी फार तापली आहे. तुमच्या हातांना इजा व्हायला नको. चांदी माझ्या टोपीत द्या. थोडं निवलं की मी स्वतः टाकेन."

दोन-तीन हात टोपीकडे वळलेसुद्धा. तेव्हा झिल्फा आईचा हात धरून पुढे झाली.

"पण प्रोफेसर," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "तुम्हीच तर चर्चमध्ये सांगितलंत ना! दुसऱ्याच्या हाताने पडलेल्या चांदीला आवाज नाही. तुम्ही टाकलीत तर घंटा तुमच्या आवाजात गाईल. आणि तुम्ही तर उद्या निघून जाणार."

"खरंच की!" डीकन गरजले. "प्रोफेसर, तुमचं मन मोठं आहे, पण आमच्या बायका आगीला भिणाऱ्या नाहीत."

"नाही, पण..."

"आई, टाक," झिल्फा म्हणाली आणि तिने मोठ्याने स्तोत्र सुरू केलं. तिला सूर बेताचाच होता, पण तवा बडवताना ओरडून ओरडून गळा चांगला तयार झाला होता. सगळं गाव तिच्या मागे गाऊ लागलं. आईचा चमचा गेला. बकलं गेली, अंगुस्ताना गेला, खुळखुळा गेला. प्रत्येक वेळी ज्वाळा उसळली आणि प्रत्येक वेळी प्रोफेसरने टोपी छातीशी जरा जास्त घट्ट धरली. बघणाऱ्यांना वाटलं, माणूस भक्तीने गहिवरला आहे.

फिंचने भट्टीच्या तळाला भोक पाडून धातू शेजारच्या खड्ड्यात पुरलेल्या साच्यात सोडला तेव्हा भोवती इतकी माणसं होती, की नीट काम करण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याने ते मन लावून केलं. लालभडक धार खड्ड्यात उतरताना तो पुटपुटत होता, साच्यातून हवा निघते आहे का ते कान लावून ऐकत होता. कितीतरी वर्षांनी हातात आलेलं स्वतःचं काम होतं ते.

दोघांना लगेच निघायचं होतं. डीकन सोडतात कुठले! घंटा निवून, घासून, खांबावर चढून वाजेपर्यंत पाहुण्यांनी राहायचंच, असा गावाचा हट्ट पडला. रोज नवं घर, रोज नवी पंगत. शेवटी घंटा चढली. तिचा आवाज खोल होता, जरासा घोगरा, आणि वारा असो नसो, नदीवर लांबपर्यंत पोचत होता. नावेतून परत आल्यावर जेडेडाया म्हणाले, "अर्ध्या पात्रात असताना ती माझ्या छातीत वाजत होती." झिल्फाच्या आईने हातातलं पीठ तसंच ठेवून अ‍ॅप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीची वाट बघत प्रोफेसर धक्क्यावर पेटीवर बसला होता. झिल्फा त्याच्यासाठी सफरचंदाचा पाय फडक्यात बांधून घेऊन आली.

"मुली," तो हळूच म्हणाला, "विटा कुणी हलवल्या?"

एनॉकचं नाव तिच्या तोंडून यायचंच नव्हतं. "मांजराच्या पिल्लाने," ती म्हणाली.

प्रोफेसर तिच्याकडे बघत राहिला, आणि मग खांदे गदगदा हलेपर्यंत हसला. "तीस वर्षं झाली या धंद्यात. मला पोलिसांनी पकडलंय, कुत्रे चावलेत, एकदा डांबर फासून मिरवलंय. पण माझ्याकडून फुकट घंटा कुणी करून घेतली नव्हती. येतेस माझ्याबरोबर? तुझ्यासारखं डोकं इथे चिखलात कशाला सडवतेस?"

"मला डुकरं पलीकडे पोचवायची आहेत," झिल्फा म्हणाली. "आणि प्रोफेसर, फिंचना एखाद्या खऱ्या कारखान्यात ठेवा. ओतताना किती खूश होते ते."

फिंच बाजूलाच उभा होता.  बोट सुटली तेव्हा त्याने मागे वळून बघितलं ते झिल्फाकडे नाही, वर टांगलेल्या घंटेकडे.

झिल्फाने हे त्या दिवशी फक्त बापाला सांगितलं. डीकन मरेपर्यंत त्या दोघा सज्जनांसाठी प्रार्थना करत राहिले, आणि तिने ती त्यांना करू दिली. पुढे काकूंना एनॉककडून कळलं, आणि काकूंना कळलं म्हणजे गावाला कळलंच. काकू कंबर धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, "तरीच त्या मेल्याला मी कोपर मारलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं!"

झिल्फाने लग्न केलं ते रूफस नावाच्या तराफेवाल्याशी. विस्कॉन्सिनहून ओंडके घेऊन येताना त्याचा पाय मोडला आणि तो क्रँडलांच्या माडीवर महिनाभर पडून होता. त्याची मागची-पुढची बाजू बघायला तिला भरपूर वेळ मिळाला. चार मुलं झाली. जेडेडाया थकल्यावर नाव तिने चालवली. रूफस वल्ह्यावर आणि ती सुकाणूवर. गुलामी मोडणारं युद्ध संपलं त्या उन्हाळ्यात एनॉक पहिल्यांदा तिच्या नावेत बसला आणि कधीकाळी तिकडे विकल्या गेलेल्या बहिणीचा शोध घ्यायला पलीकडे गेला. तिने त्याला पुढच्या फळीवर, आपल्या बापाच्या जागेवर बसवलं. बहीण सापडली नाही, भाची सापडली. तिला घेऊन तो परत आला.

गावात एक रीतच पडून गेली. कुणी घरावर वीज अडवायची सळई विकायला येवो, केस उगवायचं तेल विकायला येवो, लोक म्हणत, "आधी झिल्फाकडे जा. तिने घेतलं तर आम्हीही घेऊ." मग ती माणसाला ओसरीवर बसवून खायला घाली, पोराबाळांची चौकशी करी आणि त्याचा माल उलटापालटा करून बघे. बरेच जण सफरचंदाचा पाय खाऊन, आभार मानून, दुसरं गाव शोधत.

झिल्फाची चाळिशी उलटल्यावर एकदा एक जर्मन फेरीवाला आला. नाव मॉरित्झ. त्याच्या पेटीत नुसते चष्मे होते. झिल्फाने एकेक चष्मा उचलून काडी वाकवून बघितली, काच नखाने टिचकावली, भिंग कापडावर धरून बघितलं. मॉरित्झ शांतपणे कॉफी पीत होता.

"काही खोट सापडली का, बाई?"

"अजून नाही," ती म्हणाली, जराशी नाराज होऊन.

"मग आता उलटा धरायचा सोडून नाकावर लावून बघा."

तिने लावला. आणि ती उठून ओसरीच्या कडेला आली. पलीकडचा काठ इतकी वर्षं तिला हिरव्या पट्ट्यासारखा दिसत आला होता. आता तिथे कॉटनवुडच्या झाडांची एकेक फांदी दिसत होती, पाण्यात वाकलेली. एक म्हातारा गळ टाकून बसला होता आणि त्याच्या शेजारी एक लाल कोंबडी.

"रूफस!" तिने घरात हाक मारली. "बाहेर ये लवकर! पलीकडे कोंबडी आहे!"